आमची वाटचाल: दंडाची वही बंद केली तेव्हापासून

लोअर परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा, एक ऑफसेट म्हणजे छपाईचं मशीन, बॉक्सचा आकार कापणारं एक पंचिंग मशीन आणि अकरा माणसं, मिठाईचे नि औषधांचे बॉक्स छापतो. पहिली सहा वर्षं मी दंडाची वही ठेवायचो, लेट आला दंड, शीट खराब झाली दंड, आणि शिस्त त्यानेच टिकलीय असं मला मनापासून वाटायचं.

मग एका दिवाळीला पेढ्याच्या बॉक्सचा अर्धा जॉब पेस्टिंगला, म्हणजे बॉक्स चिकटवायला गेल्यावर कळलं की लाल रंग सरकलाय, शोधाशोध केली तर खराब शीट रद्दीच्या गठ्ठ्यात मधोमध दडवलेल्या. दडवणारे आमचे मशीनमन काका, सोन्यासारखा माणूस. फार लागलं मनाला.

मुलगी तेव्हा सायकॉलॉजी शिकत होती, तिने स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं सांगितलं, १९३८ च्या पुस्तकात त्याने उंदरांवरचे प्रयोग मांडलेत, वागण्यामागोमाग काही चांगलं मिळालं की ते वागणं वाढतं, आणि त्रास टळला तरी वाढतंच. या दुसऱ्याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात, लोक त्यालाच शिक्षा समजतात, मीही समजायचो. ती म्हणाली, "बाबा, शीट लपवली की दंड टळतो, म्हणजे लपवायला तुम्हीच शिकवताय."

वही त्याच आठवड्यात बंद. खराब शीट दिसल्यावर मशीन थांबवून जो सांगेल त्याला तिथल्या तिथे पन्नास रुपये, पगारात जोडून नाही, कारण महिन्याने मिळालेले पैसे कशाचे हेच आठवत नाही. दोन आठवडे कोणी बोललं नाही. मग हेल्पर पोरगा शीट घेऊन आला, "दादा, रजिस्टर मार्क हललाय बघा," म्हणजे रंग एकावर एक नीट बसतायत का ते दाखवणारी खूण. सगळ्यांसमोर नोट दिली आणि त्याने नेमकं काय बरोबर केलं ते बोलून दाखवलं. पुढे सवय लागल्यावर पैसे दरवेळी नाही, अधूनमधून, अशी लागलेली सवय जास्त टिकते हेही स्किनरचंच.

महिन्याचा बेस्ट कामगार पण काढून बघितला, तीनदा एकालाच मिळालं, बाकीच्यांनी नाद सोडला, बंद केलं. आणि लेटचं म्हणाल तर बदलापूरहून येणाऱ्याची लोकल बक्षिसाने लवकर येत नाही, शिफ्टच अर्धा तास उशिरा सुरू केली.

गेल्या महिन्यात काकांनी स्वतः मशीन थांबवली. "दादा, प्लेट माझ्याकडूनच तिरकी बसली, चाळीस शीट गेल्या." मी खिशात हात घातला तर म्हणाले, "ते राहू द्या, आधी प्लेट बदलू."