खतावणीचं पान स्क्रीनवर आणताना

मार्चचा पहिला आठवडा होता. मातोरीचे एक तात्या उधारी चुकवायला दुकानात आले. मी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "तात्या, साडेसात हजार." त्यांनी बंडीच्या खिशातून छोटी डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाले, "सूनबाई, एवढी कमी नाही गं माझी बाकी. सव्वाअकरा हजार निघायला पाहिजे."

पंचवटीत दिंडोरी रोडला आमचं खतं-औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षवाले. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, माल उधारीवर जातो, काडीला पेस्टिंगचं औषध, मोरचूद, डाऊनी-भुरी या रोगांची औषधं, मणी फुगवायचं जीए. पैसे येतात माल खुडल्यावर. मधे कुणी पाच हजार, कुणी दहा हजार जमा करून जातं. हा सगळा हिशोब सासरे, म्हणजे आमचे आण्णा, लाल कापडी बांधणीच्या खतावणीत, म्हणजे खातेवहीत ठेवतात. प्रत्येक शेतकऱ्याचं एक पान. वर नाव-गाव, डावीकडे जमा, उजवीकडे 'नावे', म्हणजे उधार नेलेल्या मालाची बिलं. आण्णांची नजर कमी झाली तेव्हा मी हे काम मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये घेतलं. त्यात नोंदी टेबलांमध्ये राहतात, क्वेरी त्यातून हवी ती माहिती एकत्र काढते आणि फॉर्म ती स्क्रीनवर दाखवतो.

तात्यांसमोर मी खतावणी उघडली. नावे बाजूला तीन बिलं: १२,४००, ८,६५० आणि ५,२००. एकूण २६,२५०. जमा बाजूला दोन रकमा, १०,००० आणि ५,०००. बाकी ११,२५०. डायरी बरोबर होती, माझा कॉम्प्युटर चुकत होता. ते गप्प बसून साडेसात हजार देऊन गेले असते तर मला कधी कळलंही नसतं. त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही, कारण त्या महिन्यात मी आणखी कितीजणांना आकडा सांगितला होता.

चूक क्वेरीत होती. शेतकरी, बिलं आणि जमा ही तिन्ही टेबलं मी एकाच क्वेरीत शेतकरी क्रमांकाने जोडली होती आणि फॉर्म तिच्यावर उभा केला होता. सगळं एकत्र दिसावं एवढाच विचार होता. पण बिलं आणि जमा यांचं एकमेकांशी थेट नातं नसतं, दोघांचं नातं शेतकऱ्याशी असतं. अशी दोन टेबलं एका क्वेरीत आली की प्रत्येक बिलासमोर प्रत्येक जमा लागते. तीन बिलं आणि दोन जमा, झाल्या सहा ओळी. बिलांची बेरीज दुप्पट, ५२,५००. जमेची तिप्पट, ४५,०००. वजाबाकी साडेसात हजार. मी चाचणी घेतली होती ती एक बिल आणि एक जमा भरून. एक गुणिले एक एकच येतं, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसलं.

त्याहून मोठी गोष्ट नंतर सापडली. ज्यांनी एक रुपयाही जमा केला नव्हता, ते शेतकरी त्या क्वेरीत दिसतच नव्हते. साधा जोड दोन्हीकडे नोंद असेल तरच ओळ दाखवतो. म्हणजे ज्यांच्याकडे पूर्ण रक्कम अडकलेली, नेमके तेच यादीतून गायब.

मग मी क्वेरी टाकून दिली आणि खतावणीचं पान समोर ठेवून फॉर्म नव्याने आखला. मुख्य फॉर्म फक्त शेतकऱ्याच्या टेबलावर. त्यात दोन सबफॉर्म, म्हणजे फॉर्मच्या आत बसवलेले छोटे फॉर्म, एक बिलांचा, एक जमेचा. दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर, दोन्ही शेतकरी क्रमांकाने मुख्य फॉर्मला बांधलेले. सबफॉर्मची चौकट निवडून प्रॉपर्टी शीट उघडली की डेटाच्या टॅबवर दोन ओळी असतात, लिंक मास्टर फील्ड्स आणि लिंक चाइल्ड फील्ड्स. या दोन ओळींवर सगळा खेळ आहे. त्या रिकाम्या राहिल्या तर प्रत्येक शेतकऱ्याखाली अख्ख्या दुकानाची बिलं दिसतात.

इथे नावाने जोड देऊ नका, हे मी कळकळीने सांगते. सोपं वाटलं म्हणून मी आधी नावच दिलं होतं. आमच्याकडे एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे गिऱ्हाईक आहेत, चुलत चुलत भाऊ. एकाचं मोरचूद दुसऱ्याच्या खात्यात दिसलं. आता शेतकरी क्रमांक ऑटोनंबर आहे, म्हणजे ॲक्सेस तो आपोआप देतं, आणि वर शोधायला जो कॉम्बो बॉक्स, म्हणजे निवडायची यादी ठेवलीय त्यात नावाशेजारी वडिलांचं नाव आणि गाव दिसतं. बिलांच्या टेबलात हाच क्रमांक मी मजकुराच्या प्रकारात ठेवला होता, तेव्हा रिलेशनशिपच्या खिडकीत ॲक्सेस दोन्ही टेबलं नीट बांधायलाच तयार नव्हतं. ऑटोनंबर आतून लाँग इंटिजर, म्हणजे पूर्णांक असतो, म्हणून समोरचं फील्डही नंबर, लाँग इंटिजरच लागतं. ते बदलल्यावर रेफरेन्शियल इंटिग्रिटी, म्हणजे दोन टेबलांचं नातं तुटू न देणारी अट, लागू झाली. आता खातं नसलेल्या माणसाच्या नावावर बिल चढतच नाही.

खरा वेळ खाल्ला तो बिलातल्या मालाने. शेतकरी विचारतो, "डिसेंबरच्या बिलात काय काय होतं?" म्हणजे बिलाच्या ओळीवर क्लिक केलं की खाली त्याच बिलाचा माल दिसायला हवा. हा तिसरा सबफॉर्म शेतकऱ्याला बांधून चालत नाही, तो शेजारच्या बिलांच्या सबफॉर्मला बांधायचा असतो, आणि दोन सबफॉर्म एकमेकांना थेट बांधता येत नाहीत. यावर उपाय असा: मुख्य फॉर्मवर एक साधा टेक्स्ट बॉक्स ठेवायचा. त्याच्या कंट्रोल सोर्समध्ये, म्हणजे बॉक्सने आकडा कुठून घ्यायचा ते लिहायच्या ओळीत, बिलांच्या सबफॉर्ममध्ये आत्ता ज्या ओळीवर आपण आहोत तिचा बिल क्रमांक वाचायचा. मग तिसऱ्या सबफॉर्मच्या लिंक मास्टरमध्ये या टेक्स्ट बॉक्सचं नाव हाताने टाइप करायचं आणि लिंक चाइल्डमध्ये बिल क्रमांक.

माझे दोन दिवस गेले, कारण बॉक्समध्ये सारखी नेम एरर, म्हणजे दिलेलं नाव सापडत नसल्याची चूक, येत होती. मी तिथे सेव्ह केलेल्या फॉर्मचं नाव लिहीत होते. तिथे लागतं ते मुख्य फॉर्मवर बसवलेल्या चौकटीचं नाव, आणि ही दोन नावं वेगळी असू शकतात. चौकटीच्या कडेवर एकदाच क्लिक करून प्रॉपर्टी शीटमध्ये 'नेम' बघितलं तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्यांदा क्लिक झालं की आतला फॉर्म निवडला जातो. नाव जुळल्यावर बिलांच्या ओळीवर बाण खाली सरकवला तसा खालचा माल बदलत गेला. आण्णांना हाक मारून मी ते तीन-चारदा दाखवलं.

बेरजांचं थोडक्यात. प्रत्येक सबफॉर्मच्या फूटरमध्ये, म्हणजे तळाच्या पट्टीत, बेरजेचा बॉक्स ठेवला. डेटाशीट व्ह्यूमध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, फूटर दिसत नाही, पण हिशोब होतो आणि मुख्य फॉर्म तो आकडा उचलू शकतो. नावेतून जमा वजा करून बाकीचा बॉक्स केला. आणि परत तीच माणसं अडली! ज्यांची काहीच जमा नाही त्यांची बाकी कोरी दिसायला लागली. बेरीज शून्य येत नाही, नल म्हणजे 'काहीच नाही' अशी कोरी किंमत येते, आणि रकमेतून नल वजा केला की उत्तरही नल. एनझेड फंक्शनने नलच्या जागी शून्य घेतल्यावर त्यांचे आकडे आले.

फॉर्म तयार झाल्यावर आण्णा खुर्ची ओढून बसले. मी बिलं डावीकडे आणि जमा उजवीकडे ठेवली होती. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जमा डावीकडं घे गं, पन्नास वर्षं डोळा तिकडंच जातो." डिझाइन व्ह्यूमध्ये जाऊन दोन्ही चौकटींची अदलाबदल केली. अक्षर मोठं केलं. आता ते चष्मा लावून स्वतः वाचतात.

तात्यांच्या प्रसंगानंतर, कॉम्प्युटरवर बघून ज्यांचे हिशोब केले होते ते सगळे मी खतावणीशी ताडून पाहिले. चौघांचे आकडे चुकले होते. दोघांकडून आम्ही कमी घेतले होते, दोघांकडून जास्त. ज्यांच्याकडून जास्त घेतले त्यांच्या घरी आण्णा स्वतः जाऊन पैसे परत देऊन आले.

जुन्या वर्षांची प्रत्येक पावती चढवणं जमणार नाही, म्हणून प्रत्येकाची मागील बाकी एकच बिल करून घेते आणि तपशिलात खतावणीचा पान क्रमांक टाकते, म्हणजे कुणी विचारलं तर वही उघडता येते. रोज दुपारी गर्दी कमी झाली की दहा-बारा पानं होतात. आण्णा वाचतात, मी टाइप करते. काल पान ८४ झालं.