अँटिव्हायरस विकत घ्यायचा की असलेला जागा आहे का ते बघायचं?

दिवाळीत घेतलेला लॅपटॉप संक्रांतीपर्यंत एक दिवस उजव्या कोपऱ्यात लाल खिडकी दाखवतो: संरक्षणाची मुदत संपली, आत्ताच पैसे भरा. लॅपटॉपबरोबर आलेला चकटफू अँटिव्हायरस बहुधा थोड्या दिवसांचाच असतो. मग घरात चर्चा सुरू होते. पैसे भरायचे, इंदूरच्या आरएनटी मार्गावरून दुसऱ्या अँटिव्हायरसचा डबा आणायचा, की पुण्या-बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाला फोन लावायचा? मुलगा म्हणतो, "बाबा, काही घेऊ नका." दुकानदार म्हणतो, "भिया, बिना एंटीवायरस के मत चलाना." दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

विंडोज १० किंवा ११ असेल तर अँटिव्हायरस तुमच्याकडे आधीपासून आहे. विंडोज ७ पर्यंतची गोष्ट वेगळी होती. तेव्हा तो वेगळा बसवावा लागे, म्हणून सीडीचे डबे खपत. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा फुकट अँटिव्हायरस काढला, पण तोही उतरवून घ्यावा लागे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस खिडकीच्या चौकटीसारखा आतच बसवलेला येतो. दिवसातून अनेकदा त्याच्या नव्या व्याख्या, म्हणजे नव्या व्हायरसांच्या ओळखखुणा, निघतात आणि विंडोज अपडेटमधून आपोआप येतात. जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था अशा प्रोग्रामांच्या चाचण्या घेत असतात. गेली काही वर्षं डिफेंडर तिथे पैशाच्या प्रोग्रामांच्या पंगतीत बसतो.

तेव्हा विकत घ्यावा का, हा प्रश्न माझ्या मते नंतरचा. आधी बघायचं ते हे की असलेला जागा आहे का आणि झोपला असेल तर त्याला कोणी झोपवलं. घरच्या कॉम्प्युटरवर व्हायरस शिरतो तो अनेकदा अँटिव्हायरस कमी पडला म्हणून नाही, तो आपणच किंवा आपल्यासाठी कोणीतरी बंद केलेला असतो म्हणून.

त्या लाल खिडकीचंच घ्या. दुसरा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. दोघे पहारेकरी एकाच फाइलवर झडप घालू लागले तर कॉम्प्युटर बसेल, म्हणून ही सोय. पोह्यांवर सेव दोनदा टाकली तरी चालते, अँटिव्हायरस दोन चालत नाहीत. मुदत संपलेला पाहुणा मात्र जागा अडवून बसू शकतो: नव्या व्याख्या त्याला मिळत नाहीत आणि घरचा राखणदार बाजूला उभा. पैसे भरायचे नसतील तर पाहुण्याला पूर्ण काढा. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, नावापुढचे तीन ठिपके, अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट. नीट निघत नसेल तर त्या कंपनीच्या साइटवर त्याच कामाचं वेगळं रिमूव्हल टूल असतं. नंतर स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" उघडा. ढालीवर हिरवी खूण हवी. "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन"मध्ये मॅनेज सेटिंग्जवर जाऊन "रिअल-टाइम प्रोटेक्शन" आणि "टॅम्पर प्रोटेक्शन" चालू आहेत ना, तेही पाहा. टॅम्पर प्रोटेक्शनमुळे दुसरा एखादा प्रोग्राम डिफेंडरला गुपचूप बंद करू शकत नाही.

त्याच पानावर अगदी खाली "एक्सक्लुजन्स" आहे. तिथे सहसा कोणी फिरकत नाही, आणि खरी गंमत तिथेच असते. ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लुजन्स दाबा. घरच्या कॉम्प्युटरवर ही यादी कोरी असायला हवी. तिथे एखाद्या अनोळखी फोल्डरचं नाव दिसलं, किंवा अख्खा सी ड्राइव्हच लिहिलेला असला, तर यंत्रावर चोरीचं विंडोज किंवा ऑफिस चालू करण्याची कारागिरी झालेली असण्याची दाट शक्यता आहे. ते काम करणारे छोटे प्रोग्राम डिफेंडरला खपत नाहीत. तो त्यांना "हॅकटूल:विन३२/ऑटोकेएमएस" अशा नावाने पकडतो. म्हणून बसवणारा आधी डिफेंडर बंद करतो, मग त्या फोल्डरला सूट देतो आणि जाताना सांगतो, "लाल काही आलं तर लक्ष देऊ नका." हे टूल स्वतः काही करत नसेलही. पण पहारेकऱ्याच्या हुकुमाबाहेरची एक खोली घरात कायमची उघडी राहिली, आणि पुढे येणारा कोणीही त्याच खोलीत मुक्काम करू शकतो.

दुसरी खूण आणखी सोपी. सेटिंग्जमध्ये इंग्रजीत ओळ दिसते की काही सेटिंग्ज तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात आहेत, आणि डिफेंडरचं बटण राखाडी पडून हलत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे रास्त आहे. लोकमान्य नगरातल्या दोन खोल्यांच्या घरात ॲडमिनिस्ट्रेटर कोण? कोणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, नियम घुसवून डिफेंडरला कुलूप लावलेलं असतं. अशा यंत्राची डागडुजी करत बसण्यापेक्षा कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणं मला शहाणपणाचं वाटतं.

क्रॅक केलेली गेम आणि सॉफ्टवेअर हा याच घराण्यातला मोठा भाऊ. झिप फाइल उतरते, तिला पासवर्ड असतो आणि तो शेजारीच १२३४ असा लिहिलेला असतो. आपण म्हणतो, असेल काहीतरी. पासवर्ड लावण्याचं कारण एवढंच की बंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. वर सूचना असते: इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. जगातला कितीही महागडा प्रोग्राम घ्या, मालकानेच दार उघडून दिव्यावर फुंकर मारली तर तो काय करणार? स्टॉप नावाचं रॅन्समवेअरचं, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसांचं, कुटुंब मुख्यतः असल्याच क्रॅकमधून घरोघरी पसरलं. त्यात फोटोंच्या नावापुढे चार अक्षरांचं अनोळखी शेपूट लागतं आणि फाइल उघडत नाही.

हल्ली त्याहून वाईट असतात ते चोरटे प्रोग्राम, ज्यांचा पत्ताच लागत नाही. ते ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (आपण आधीच लॉगिन केल्याची ब्राउझरने जपलेली खूण) काही क्षणांत उचलून नेतात. कुकी हातात आली की जीमेल उघडायला ओटीपीही लागत नाही. रेडलाइन हे त्यातलं गाजलेलं नाव, ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले. असलं काही चालवल्याचा संशय आला तर त्याच कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलणं म्हणजे चोरासमोर नवं कुलूप लावणं. फोनवरून बदला आणि गूगल खात्यात जाऊन अनोळखी उपकरणं साइन आउट करा.

डिफेंडर खरंच जागा आहे का, हे करून पाहता येतं. आयकार नावाच्या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिली आहे. ती पूर्ण निरुपद्रवी, पण जगातले जवळजवळ सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतात. संस्थेच्या साइटवरून ती चाचणीची फाइल उतरवून बघा, किंवा ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून सेव्ह करा. काही सेकंदांत कोपऱ्यात सूचना यायला हवी आणि फाइल गायब व्हायला हवी. फाइल तशीच बसून राहिली तर ढालीवर हिरवी खूण असली तरी विश्वास ठेवू नका.

पेन ड्राइव्हचा जुना त्रास मोबाइलच्या काळातही संपलेला नाही. परीक्षेचा फॉर्म, बँकेचा कागद, काहीतरी प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायचं आणि घरी आल्यावर बघायचं तर आत एकच शॉर्टकट, त्यावर पेन ड्राइव्हचंच नाव. त्यावर दोनदा क्लिक केलं की रोग घरात शिरला. फाइल्स गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स. तरी दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमधली "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स"ची टिकली काढा. बिननावाचा एक फोल्डर दिसेल, त्यात सगळा माल असतो. हव्या त्या फाइल कॉपी करून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि टिकली परत लावा. सगळ्यात सोपं म्हणजे प्रिंटसाठी एक रिकामा पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवा. त्यात तेवढी एकच पीडीएफ न्यायची, आणि घरी आल्यावर तो न उघडता फॉरमॅट करायचा.

कोपऱ्यात येणारी प्रत्येक लाल खिडकी अँटिव्हायरसची असते असंही नाही. "पाच व्हायरस सापडले, तुमची सदस्यता संपली" असं सांगणाऱ्या खिडकीच्या खाली बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि कुठल्यातरी साइटचा पत्ता दिसला तर ती निव्वळ ब्राउझरची सूचना. कधीतरी सिनेमा शोधताना "अलाउ" दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या वाटेने जा आणि परवानगी दिलेल्या यादीतून अनोळखी नावं उडवा. इथे स्कॅन करून काही सापडणार नाही, कारण व्हायरस नाहीच.

कॉम्प्युटर मंद झाल्याचा ठपकाही डिफेंडरवर येतो. टास्क मॅनेजरमध्ये "अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" वर चढलेलं आणि डिस्क १०० टक्के. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर स्कॅनच्या वेळी हे होणारच, आणि बाहेरचा अँटिव्हायरस आणला तर बहुधा तेच. अशा यंत्रावर वर्षाची वर्गणी भरण्यापेक्षा तो पैसा एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये, घाला, कॉम्प्युटर ओळखू येणार नाही.

मग पैशाचा अँटिव्हायरस कोणी घ्यावा? घरात चार-पाच यंत्रं, लहान मुलं, आणि अडलं तर फोन करून हिंदीत विचारता यावं असं वाटत असेल त्यांनी जरूर घ्यावा. यात आपल्या पुण्याची क्विक हीलही आहे, तिची सुरुवात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून झाली. फुकटचा घेताना मात्र दोनदा विचार करा. अवास्टने लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकल्याचं २०२० मध्ये बाहेर आलं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यापायी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अँटिव्हायरसला यंत्रात सगळीकडे मोकळा वावर असतो. म्हणून त्याला घरात घेताना आडनाव-गाव विचारलेलं बरं.

एखाद्या फाइलबद्दल नुसती शंका असेल तर व्हायरसटोटलच्या साइटवर टाका, सत्तरेक अँटिव्हायरसांची इंजिनं एकदम तपासतात. दोन अनोळखी इंजिनांनी बोट दाखवलं तर गजर खोटा असू शकतो, वीसांनी दाखवलं तर फाइल फेका. आधार, पॅन, घराचे कागद तिथे कधीही चढवू नका. चढवलेली फाइल तिथल्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना पाहता येते.

आणि एका जागी कुठलाच अँटिव्हायरस कामाचा नाही. बँकेतून बोलतोय सांगून कोणी एनीडेस्कसारखा, दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्राम टाकायला लावला, तर तो प्रोग्राम अस्सल असतो, पकडायचं काय? रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच यावर बँकांना सावध केलं होतं. पैसे गेले तर आधी इंटरनेट तोडा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची आशा असते.

विंडोज १० वाल्यांचा मुद्दा वेगळा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याला मायक्रोसॉफ्टकडून नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळणं संपलं. डिफेंडरच्या व्याख्या २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत येत राहणार आहेत, पण त्या म्हणजे राखणदार, भिंतीची डागडुजी नव्हे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस विंडोजमधल्या एका भगदाडातून पसरला तेव्हा त्या भगदाडाची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते अडकले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ते नसेल तर विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटमध्ये नाव नोंदवा, त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे.

शेवटी फोटो. "रॅन्समवेअर प्रोटेक्शन"मध्ये "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" बंदच येतो, तो चालू करा. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स तो आपण होऊन राखतो. आपल्याकडे मात्र सगळा खजिना डी ड्राइव्हवर असतो, तो फोल्डर प्रोटेक्टेड फोल्डर्समध्ये हाताने घालावा लागतो. त्यानंतर हिशेबाचा किंवा मराठी टायपिंगचा एखादा जुना प्रोग्राम फाइल सेव्ह करायला नकार देईल. घाबरून सगळं बंद करू नका, "अलाउ ॲन ॲप" मधून तेवढ्यालाच परवानगी द्या. आणि महिन्यातून एकदा १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवा. उतरवून झालं की डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवा. लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही खंडणीवाला त्याच झपाट्यात कुलूपबंद करतो.