आमची वाटचाल: इंदूरच्या घरगुती स्वयंपाकघरातून चीज भरलेल्या ऑनियन रिंगा

इंदूरकराला तळणाचं कौतुक कुणी शिकवायला नको. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला कंद), छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत दिवसभर काही ना काही कढईत असतंच. अशा गावात चीज भरलेली ऑनियन रिंग खपवायची तर गिऱ्हाईक एकच गोष्ट तपासतं: तोडल्यावर चीजची तार निघते की आत नुसती पोकळी असते. आमच्या कामात आजवर जे बदल झाले, ते सगळे चीज आत राहावं म्हणून झाले.

सुरुवात ताज्या तळलेल्या मालाची होती. मुंज, केळवण, डोहाळजेवण अशा घरगुती ऑर्डरी. पण रिंग कढईतून काढल्यावर फार तर १०–१५ मिनिटं कुरकुरीत राहते. कांद्याची वाफ आतून आवरण ओलं करत जाते आणि गार होताना चीज चिवट होतं. टिळकनगरहून विजयनगरपर्यंत डबा पोहोचेस्तोवर माल मऊ पडणारच. म्हणून आता आम्ही न तळलेल्या, गोठवलेल्या रिंगा पाकिटात देतो आणि तळण गिऱ्हाइकाच्या घरी होतं. हा बदल झाल्यावर कृती नव्यानं बसवावी लागली. गोठवलेल्या मालात ओलाव्याकडे थेंबभर जरी दुर्लक्ष झालं तरी ते तेलात बाहेर पडतं.

आधी कांदा. चोइथराम मंडीत पोत्यावर हात ठेवायच्या आधी हंगाम बघायचा. उन्हाळ्यात निघणारा रब्बीचा कांदा घट्ट, कोरडा आणि टिकाऊ. पावसाळ्यानंतर येणाऱ्या खरिपाच्या कांद्यात पाणी जास्त, पाती (म्हणजे आतले पदर) सैल. खरिपाचा घ्यावाच लागला तर चकत्या कापून एक दिवस आधी फ्रीजमध्ये उघड्या ठेवून सुकवाव्या लागतात. आकार ७ सेंटिमीटरच्या पुढे, गोल, वजन १५० ते १८० ग्रॅम. जोडकांदा मुळीच नको. वरून मोठा आणि देखणा दिसतो, पण कापला की आत दोन गाभे आणि एकही अखंड रिंग नाही. एक बाजू चपटी आणि मान जाड असेल तर तो बाजूला टाकावा.

चकती ११ ते १२ मिलिमीटर जाडीची. त्याहून पातळ झाली तर चीजला उंचीच मिळत नाही, जाड झाली तर कांदा आत कच्चा राहतो आणि चावताना अख्खा ओढला जातो. एका कांद्याच्या मधल्या भागातून अशा दोन-तीन चकत्या मिळतात. आता जोडी लावण्याची युक्ती. चीज भरायचं ते एकात एक बसवलेल्या दोन पातींमधल्या फटीत. बाहेरून पातींना १, २, ३, ४ असे मनात आकडे द्या. १ मध्ये ३ बसवा, २ मध्ये ४. दोन्ही जोड्यांत एकेका पातीएवढी, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटरची फट सगळीकडून सारखी मिळते आणि मधली पात वायाही जात नाही. शेजारशेजारच्या पाती जोडायला गेलात तर फटच उरत नाही. गाभा आणि टोकं बाजूला ठेवायची, ती भाजीला किंवा उसळीला जातात.

प्रत्येक पातीला आतून एक पारदर्शक पापुद्रा असतो. ऑनियन रिंगचं आवरण सालीसारखं सुटून येतं त्याचं कारण बहुतेक वेळा हाच. त्याच्या गुळगुळीत अंगावर पीठ धरत नाही, शिवाय तळताना तो आक्रसतो आणि आवरण घेऊन निघतो. सुट्या पाती १० मिनिटं थंड पाण्यात ठेवल्या की सुरीच्या टोकानं कड उचलून तो सबंध ओढता येतो. उग्रपणाही थोडा उतरतो. मग मात्र सुती कापडात एकेक पात पुसायची, ढिगानं नाही. कांद्याला मीठ लावायचं नाही, मीठ लागलं की पाणी सुटलंच.

चीजच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे. पिझ्झासाठी मिळतं ते कमी ओलाव्याचं मोझरेला घ्यायचं, ठोकळ्याच्या रूपात. पाण्यातलं ताजं मोझरेला इथे चालत नाही. त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती आवरण फोडते. किसून मिळणाऱ्या पाकिटातल्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो, ते एकजीव होत नाही. आणि स्वस्तातलं वनस्पती तेलाचं ‘चीजसारखं’ काही कितीही कमी भावात मिळालं तरी नको. तळताना त्यातून तेल वेगळं होतं, आणि शिवाय त्याला पाकिटावर चीज म्हणताही येत नाही. पाकिटावर हिरवा ठिपका आणि घटकांत रेनेट (चीज करताना दूध गोठवणारं विकर) प्राणिजन्य नसून सूक्ष्मजीवजन्य आहे ना, हे इंदुरात न चुकता पाहावं. शाकाहाराबद्दल विचारणारी घरं इथे पुष्कळ.

ठोकळ्यातून थेट पट्ट्या कापल्या तर त्या ६–७ सेंटिमीटरच्या निघतात आणि एका रिंगेत तीन तुकडे बसवावे लागतात. म्हणजे तीन सांधे. आणि रिंग गळते ती सांध्यातूनच. त्यावर उपाय म्हणून आम्ही तीन भाग मोझरेला आणि एक भाग प्रोसेस्ड चीज बारीक किसून, तळहाताच्या मुळाशी मळून एक गोळा करतो. प्रोसेस्ड चीज मऊ होतं पण मोझरेलासारखं वाहत नाही, त्यामुळे मिश्रण थोडं आवरतं राहतं. गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटायचा, ४ मिलिमीटर जाड, आणि सुरीनं १० मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या पाडायच्या. मोठ्या जोडीला सुमारे १९ सेंटिमीटरची अखंड पट्टी लागते, लहान जोडीला १६. पट्टीचं टोक तिरकं कापून दुसऱ्या टोकावर थोडं चढवायचं आणि चिमटीत दाबून सांधा मिटवायचा. एवढ्यानं एकच सांधा राहतो. पट्टी कांद्याच्या कडेच्या एक मिलिमीटर खालीच राहिली पाहिजे. वर आली तर तिथे आवरण पातळ बसतं. मे महिन्यात हे काम पहाटे उरकायचं, नाहीतर लाटलेलं चीज कागदाला चिकटून बसतं.

मोठ्या जोडीत चीज साधारण ८–९ ग्रॅम जातं, लहानीत ७. भरलेल्या रिंगा ताटात एकमेकींना न लागता मांडून डीप फ्रीजरमध्ये तास-दीड तास. बोटानं दाबल्यावर चीज दबत नसेल तरच पुढे जायचं.

२० रिंगांच्या आवरणाचं प्रमाण असं. कोरडं पीठ: मैदा ६० ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे. भिजवण: मैदा १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ५० ग्रॅम, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड, चिमूटभर लाल तिखट आणि २०० ते २२० मिलिलीटर फ्रीजमधलं थंड पाणी. अंडं आम्ही वापरत नाही, कॉर्नफ्लोअर ते काम करतं. चमच्याच्या पाठीवर भिजवण घेऊन बोटानं रेघ ओढा, रेघ तशीच राहिली पाहिजे. भजीच्या पिठाइतकं घट्ट झालं तर रिंगेचं भजंच होईल आणि कुरकुरीतपणा जाईल. ब्रेडचा चुरा परातीत २५० ग्रॅम तरी हवा, रिंग त्यात पुरती बुडावी म्हणून. सगळा संपत नाही, उरलेला चाळून गुठळ्या काढल्या की पुढच्या घाण्याला चालतो. चुऱ्यासाठी गोडसर दुधाचा ब्रेड नको. त्यातली साखर करपते आणि चीज विरघळायच्या आधीच रंग गडद होतो. साधा पाव वाळवून जाडसर दळावा, रव्यासारखा बारीक नको.

क्रम: कोरडं पीठ, झटकणं, भिजवण, चुरा. मग २० मिनिटं फ्रीजर. पुन्हा भिजवण आणि चुरा. दुसऱ्या थराला कंटाळणाऱ्यांच्या रिंगा फुटतात, यात अपवाद नाही. दुसऱ्या वेळी आतली कड, जिथे लहान पात असते, ती बोटानं चुरा दाबून मुद्दाम भरायची. घाईत नेमकी तीच उघडी राहते आणि बाहेरून रिंग अगदी नीट दिसते. एक हात ओला, एक कोरडा ठेवला तर बोटांवर पिठाचे गोळे होत नाहीत. मग उणे १८ अंशांवर निदान दोन तास. तयार रिंगेचं वजन ३५ ते ४० ग्रॅम. घट्ट झाल्यावरच पाकीट बंद करायचं. कोमट असताना बंद केलं तर आत दंव धरतं आणि ते दंव पुढे गिऱ्हाइकाच्या कढईत तडतडतं.

आता तळण. रिंग फ्रीजरमधून थेट तेलात, वितळू द्यायची नाही. तेल १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर बोटाच्या पेराएवढा ब्रेडचा तुकडा टाकावा. मिनिटभरात सोनेरी झाला तर तेल तयार. दीड लिटर तेलात एका वेळी चारच. जास्त टाकल्या की तेल गार पडतं, आवरण तेल पितं, आणि रंग येईपर्यंत आतलं चीज उकळायला लागतं. दोन मिनिटं, पंधरा सेकंद इकडे-तिकडे. मोझरेला ६० अंशांच्या आसपासच मऊ होतं, त्याला फार आच लागत नाही. ते १०० अंशांकडे गेलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि कुठूनतरी वाट काढते. म्हणून तांबूस रंगाची वाट बघू नका. सोनेरी दिसली की झारा खाली घाला. एखाद्या जागी अचानक मोठे बुडबुडे आणि पांढरा ठिपका दिसला तर चीज निघालंय; ती रिंग लगेच उचलावी, नाहीतर सगळं तेल फेसाळतं. काढल्यावर जाळीवर ठेवावी. कागदावर ठेवली की खालची बाजू वाफेनं भिजते.

एअर फ्रायरबद्दल हल्ली रोज विचारणा होते. होतं, पण कच्च्या चुऱ्याला तिथे रंग यायला वेळ लागतो आणि तोवर चीज बाहेर. त्यासाठी वेगळं पाकीट आहे, त्यात चुरा आधी थोड्या तेलात परतून घेतलेला असतो. २०० अंशांवर ८ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तळलेल्याची सर नाही, हे आम्ही सांगूनच देतो.

हिशेबाबद्दल एक गोष्ट नव्यानं उतरणाऱ्यांना सांगण्यासारखी. कांदा महागला की सगळे हळहळतात, पण या मालात कांद्याचा वाटा लहान आहे. एका रिंगेमागे टाकाऊ धरून ३३ ग्रॅम कांदा लागतो. भाव ३० रुपये किलोवरून ६० झाला तर रिंगेमागे एक रुपया वाढतो. चीज ५०० रुपये किलो धरलं तर पट्टी नुसती दोन ग्रॅमनं जड कापली गेली तरी तोच एक रुपया जातो. म्हणून आमच्याकडे कांद्याच्या काट्यापेक्षा चीजचा काटा महत्त्वाचा, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा कांद्याच्या कुठल्याही मंदीपेक्षा जास्त जाणवला.

कागदपत्रांत एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर. सोबत घटक, निव्वळ वजन, तारीख, हिरवा ठिपका, आणि गहू व दूध असल्याची सूचना. आम्ही ३० दिवसांची मुदत लिहितो. एकदा वितळलेलं पाकीट पुन्हा गोठवू नये, हे ठळक अक्षरात छापलेलं असतं, कारण वीज गेल्यावर लोक हमखास तेच करतात. समारंभात जागेवर तळून द्यायचं असेल तर तेल तपासायची पट्टी सोबत ठेवतो. तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापून खराब होताना तयार होणारे) २५ टक्क्यांपर्यंतच चालतात, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ब्रेडचा चुरा तेलात गळतो आणि करपून तेल लवकर काळं करतो, म्हणून दर दोन घाण्यांनी बारीक जाळीनं तेल निवळून घ्यावं लागतं.

मागणीचं वेळापत्रक मराठी घरांचं पंचांग ठरवतं. आषाढात कांदेनवमीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत ऑर्डरी एवढ्या येतात की फ्रीजर पुरत नाही. दोनच दिवसांनी आषाढी एकादशी, चातुर्मास सुरू, आणि कांदा सोडलेली घरं थेट कार्तिकीनंतर परततात. बाहेर भजीचा पाऊस आणि आमच्या कांद्याला मात्र सुट्टी. जैन गिऱ्हाईक तर बारमाही कांद्याशिवायच. त्यांच्यासाठी कच्च्या केळ्याच्या ५ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये चीजचा पातळ तुकडा ठेवून तेच दोन थरांचं आवरण देतो. केळी आधी सालासकट अर्धवट वाफवून पूर्ण गार करून कापायची. कच्चीच कापली तर काळी पडतात, आणि जास्त वाफवली तर चकती धरत नाही. कुकरला शिटी न लावता १० मिनिटं पुरतात. चातुर्मासात पाकिटं याचीच जातात. ऑर्डर एक दिवस आधी द्यावी, वाफवलेलं केळं गार व्हायला घाई चालत नाही.