अण्णांचा बसलेला आवाज

गेल्या वैशाखात अण्णांचा आवाज बसला. एसटीत ३४ वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. 'पुढं सरका' म्हटलं की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. देवळात हरिपाठाला आवाज लावायचे तेही अण्णाच.

आईनं मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळद-दूध सगळं केलं. दवाखान्यात अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. घसा दुखत नव्हता, ताप नव्हता, सर्दी नव्हती, आणि हे आमच्यापैकी कुणालाच खटकलं नाही. पाणी पिताना ठसका लागायचा, तेव्हा "सावकाश प्या की हो" म्हणून मीच त्यांच्यावर चिडायचे. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

तीन महिन्यांनी मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. नाकातून बारीक दुर्बीण घातली. "काका, ई म्हणा." पडद्यावर उजवा स्वरतंतू मधे सरकला; डावा जागचा हललाच नाही. बाईंनी घशाचं काही विचारलंच नाही. बीपी आहे का, बिडी ओढता का? दोन्हीला हो. लगेच छातीचा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन, लिहून दिला.

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी; तिच्या कमानीला सहा सेंटिमीटरचा फुगवटा निघाला. एरवी ती तीनएक सेंटिमीटर रुंद असते. बाईंनी चिठ्ठीच्या पाठीमागं छत्रीच्या मुठीसारखी कमान काढली आणि तिच्याखालून पेनानं एक रेघ ओढली. डाव्या स्वरतंतूची नस मानेतून सरळ घशात जात नाही; आधी छातीत उतरते, या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर चढते. फुगवट्यानं तीच दाबली होती. उजवीकडची गळ्याच्या हाडापाशीच वळते, म्हणून ती सुटली. व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ साली हृदयविकारानं असा आवाज गेलेले रुग्ण नोंदवले, त्यांचंच नाव या दुखण्याला आहे.

हे दुर्मीळ आहे, आवाज बसण्याचं कारण बहुतेकदा साधंच असतं. पण तीन आठवडे झाले तरी आवाज सुटला नाही, तर स्वरतंतू बघून घ्याच. अण्णांच्या छातीतला फुगा त्या तीन महिन्यांत कधीही फुटू शकला असता.

जांघेतून स्टेंट घालून तो आतून बंद केला. नस मात्र पूर्ण सुधारली नाही. हरिपाठाला अण्णा आता टाळ धरतात. आवाजाचे व्यायाम रोज चालू आहेत.

परवा फाटकातून "चिमे" अशी हाक आली. निम्मा वारा, निम्मा आवाज. पण स्वयंपाकघरापर्यंत आली. मी गॅस बंद करून धावले.