बोलणं आणि वादन एकाच खुर्चीवर : आमची वाटचाल

स्थानिक रेडिओ केंद्रांसाठी जॅझ आणि अकूस्टिक वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, संपादित करायच्या आणि जशाच्या तशा प्रसारित करता येतील अशा तयार करून द्यायच्या, हे आमच्या छोट्या संस्थेचं काम. सुरुवातीचा साचा सगळीकडे असतो तोच होता. थोड्या गप्पा, मग वादकाच्या अल्बममधला तुकडा, पुन्हा गप्पा. हा साचा सोपा आहे, पण जॅझच्या कामाचा नाही. वादक सांगतो, 'इथे मी मूळ कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतो', आणि श्रोत्याला तो बदल ऐकूच येत नाही, कारण वाद्य पेटीत बंद असतं. ते वाद्य बोलणाऱ्याच्या हातात द्यायचं, एवढ्या एका गोष्टीपायी आमची कामाची पद्धत टप्प्याटप्प्याने बदलत गेली.

याचा उत्तम नमुना आधीपासून होता. पियानोवादक मरियन मॅकपार्टलंड यांनी १९७८ पासून अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओसाठी अशाच मुलाखती घेतल्या. पाहुणा एका पियानोवर, मॅकपार्टलंड दुसऱ्या पियानोवर, आणि प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे वाजवून. जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स यांच्याबरोबरची त्यांची मुलाखत पहिल्याच वर्षातली. पण मुलाखतकार स्वतः त्या तोलाचा वादक असेल तरच ही रीत जशीच्या तशी जमते. इतरांना ती माईकच्या मांडणीतून आणि प्रश्नांच्या बांधणीतून साधावी लागते.

पहिली अडचण माईकची. गिटारवादक वाजवता वाजवता बोलतो तेव्हा एक माईक तोंडापाशी असतो आणि एक गिटारपाशी, दांडी खोक्याला जिथे मिळते त्या बाराव्या ते चौदाव्या पडद्यासमोर (फ्रेटसमोर), २५ ते ३० सेंटिमीटरवर. बोलण्याचा आवाज दोन्ही माईकमध्ये शिरतो. दोन्हींच्या अंतरात साधारण ५० सेंटिमीटरचा फरक असला तर गिटारच्या माईकमध्ये तो दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही एकत्र केले की ३४० हर्ट्झच्या आसपास आवाजाला खड्डा पडतो, त्याच्यावरही ठरावीक अंतराने पडत जातात. माणूस डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. इक्वलायझरने हा दोष जात नाही.

आम्ही आधी दोन माईकमध्ये फोमचा पडदा लावून पाहिला. उपयोग फार झाला नाही, वर वादकाला स्वतःचे हात दिसेनात. शेवटी फिगर-एट माईकवर आलो. हा माईक पुढून आणि मागून ऐकतो, डाव्या-उजव्या बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. गिटारच्या माईकची बहिरी बाजू तोंडाकडे करायची आणि तोंडापुढच्या माईकची गिटारकडे. दोन्ही माईक कोनात बसवून, हेडफोन लावून, वादक नुसता बोलत असताना गिटारचा माईक हळूहळू फिरवायचा. आवाज सगळ्यात क्षीण होतो ती जागा सापडली की स्टँड घट्ट करायचा. यात दहा मिनिटं जातात आणि ती वाचवायची नाहीत. हे माईक रिबन जातीचे, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असलेले, असतील तर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच माईकला जाणारी वीज) बंद असल्याची खात्री करूनच केबल जोडायची. सदोष केबलमधून तो गेला तर आतली पट्टी ताणली जाऊन कायमची बिघडू शकते.

डबल बास हा रेडिओवरचा सगळ्यात कठीण पाहुणा. त्याची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झवर बोलते, आणि ओट्यावरच्या लहान रेडिओचा स्पीकर तिथवर उतरतच नाही. श्रोत्याला बास ऐकू येतो तो वरच्या स्वरांशांतून, आणि बोट तारेवरून सुटतानाच्या त्या 'टप्' आवाजातून. म्हणून नुसत्या पिकअपवर, म्हणजे वाद्यावरच बसवलेल्या कंपन टिपणाऱ्या यंत्रावर, विसंबायचं नाही. तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजच्या जरा वर, १५ ते २० सेंटिमीटरवर एक माईक हवाच, बोटांच्या दिशेला किंचित कललेला. पिकअपचा सिग्नल माईकच्या आधी पोचतो, तेव्हा संपादनात पिकअपचा ट्रॅक तेवढा उशिरा वाजेल असा सरकवायचा. दर ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद, हा हिशेब. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून पाहायची आणि ज्या बाजूला खर्ज भरून येतो ती ठेवायची.

सॅक्सोफोनच्या बाबतीत नवखे माईक सरळ घंटेत, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडात, रोखतात. खालचे सूर घंटेतून येतात, बाकीचे बरेचसे उघड्या छिद्रांतून. अर्ध्या मीटरवरून, घंटेची कड आणि चाव्या यांच्या मधोमध रोखला की सगळे सूर एका घरातले वाटतात.

सुरांचं एक अनुभवाने कळलेलं. आवाज नको म्हणून मुद्रणाआधी एसी बंद करतो. खोली तापत जाते, तशा गिटारच्या पोलादी तारा सैल होऊन उतरतात, आणि सॅक्सोफोन तापला की चढतो. दोघं एकाच खोलीत, विरुद्ध दिशांना. म्हणून एसी वीस मिनिटं आधी बंद करायचा, वाद्यं तेवढा वेळ वाजती ठेवायची, आणि मग ४४० हर्ट्झला सूर लावायचा. पिकअपवाली गिटार असेल तर तिच्यातली नऊ व्होल्टची बॅटरी त्याच वेळी बदलून घ्यायची. संपत आलेली बॅटरी एकदम बंद पडत नाही, आवाज फाटत जातो, आणि तो दोष केबलमध्ये शोधण्यात वेळ जातो.

प्रश्नांची पद्धतही बदलली. 'तुमच्यावर कुणाचा प्रभाव?' याला नावांची यादी मिळते. त्याऐवजी 'मधल्या आठ मात्रांच्या जागी मूळ कॉर्ड काय आहेत, आणि तुम्ही काय वाजवता?' असा प्रश्न आम्ही सुरुवातीला विचारायचो, आणि तो चुकीचा होता: तिथे मात्रा नसतात, आठ बार असतात, प्रत्येकी चार मात्रांचे. शब्द चुकला की वादक सावध होतो आणि उत्तरं जुजबी होतात. आता मुलाखतकाराने त्या धूनेचा आराखडा पाठ करूनच बसायचं, हा आमचा नियम आहे.

वेळही मिनिटांत न मागता कोरसमध्ये, म्हणजे धूनेच्या पूर्ण फेऱ्यांत, मागतो. बत्तीस बारचा एक कोरस मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ६४ सेकंदांचा होतो, ६० च्या संथ बॅलडमध्ये त्याच्या दुप्पट. 'दोन कोरस वाजवा' म्हटलं की वादकाला नेमकं कळतं, आणि संपादकाला कापायची जागाही मिळते. काप कोरसच्या सांध्यावरच घ्यायचा. शेवटच्या सुराचा नाद विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, खुर्चीही हलवायची नाही. सत्र संपल्यावर एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा शांत आवाज मुद्रित करायचा. काप झाकायला तोच लागतो.

लेव्हल चाचणीत वादक हात राखून वाजवतात, म्हणून सगळ्यात जोरकस जागा वाजवायला लावून त्यावर आणखी सहा डेसिबल मोकळी सोडतो. २४ बिटमध्ये मुद्रण असेल तर कमी लेव्हलने काही बिघडत नाही.

एफएमवर ड्रमचे ब्रश (काठीऐवजी वापरायचे तारांचे झुबके) फसवतात. केंद्राचा प्रोसेसर शांत भाग वर उचलतो, ब्रशची घासट एकसारखी वर येते, आणि श्रोत्याला वाटतं केंद्र नीट लागलेलं नाही. त्यावर उपाय म्हणजे ब्रश जिथे घासतात त्या स्नेअर ड्रमजवळ माईक नेऊन प्रत्येक फटका वेगळा ऐकू येईल असं पाहणं. वरच्या सुरांची पट्टी मात्र वाढवायची नाही. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या पुढे काही जात नाही, आणि प्री-एम्फसिसमुळे (प्रसारणाआधी वरचे सूर उचलण्यामुळे) वाढवलेली झांज लिमिटरला, म्हणजे जोर रोखणाऱ्या यंत्राला, धडकून उलट बोथट होते.

इंटरनेटवर मुलाखत ठेवायला केंद्राचा प्रसारण परवाना सहसा पुरत नाही, म्हणून वेगळी परवानगी मागता यावी यासाठी वादकाकडून वाजवलेल्या प्रत्येक धूनेचं आणि संगीतकाराचं नाव निघण्याआधीच लिहून घेतो.

शेवटची तपासणी एका लहान स्पीकरवर, मोनोमध्ये. सिग्नल क्षीण झाला की बरेच रेडिओ स्टिरिओ सोडून मोनोवर येतात, आणि लांब लांब ठेवलेल्या दोन माईकचा पियानो तेव्हा पोकळ होतो. त्यासाठी आता पियानोवरही दोन माईक एकाच बिंदूपाशी, एकमेकांना छेद देऊन लावतो. पियानो थोडा कमी पसरट वाटतो, पण लहान रेडिओवर तो भरीव राहतो.