ब्रशने चेहऱ्यावर फेस करताना घोडं पाण्याशीच पेंड खातं

शेव्हिंग क्रीमच्या ट्यूबवर सूचना असतात त्या अशा: चेहरा ओला करा, ब्रशने क्रीम लावा, दाढी करा. खरं काम मधलं आहे. क्रीमचा फेस होईपर्यंत त्यात पाणी किती, कधी आणि कसं घालायचं, यावर एक शब्द नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण चेहऱ्यावरचा फेस बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि खापर फुटतं क्रीमवर नाहीतर ब्रशवर.

सुरुवात सोपी आहे. दाढी अंघोळीनंतर करावी, नाहीतर दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने चेहरा चांगला भिजवावा. खुंट पाणी पिऊन मऊ पडतात. चेहरा पुसायचा नाही. ब्रश कोमट पाण्यात बुडवून दोनदा झटकायचा, मधोमध मोठ्या शेंगदाण्याएवढं, म्हणजे साधारण एक ग्रॅम क्रीम घ्यायचं आणि आधी गाल, हनुवटी, गळा, मिशी असं सगळीकडे नुसतं फासून घ्यायचं. एकाच गालावर घोळत बसलं तर सगळं क्रीम तिथेच अडकतं आणि गळ्याला काही उरत नाही.

पंधरा-वीस सेकंद ब्रश गोल फिरवला की चेहरा पांढराशुभ्र दिसतो, आणि बहुतेक जण इथेच थांबून रेझर उचलतात. हा फेस अजून कच्चा आहे. क्रीममध्ये हवा शिरली, पण पाणी पुरेसं शिरलं नाही. दिसायला तो चक्क्यासारखा असतो: घट्ट, बिनतकाकीचा, ब्रश उचलला की टोकं उभी राहणारा. यावर ब्लेड सरकत नाही, ओढतं. रेझरच्या फटीत क्रीम अडकून बसतं. एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा थर वाळून कडेने पापुद्रे धरतो. ब्लेडला सरकायला साबण लागतो तसं पाणीही लागतं, आणि हे पाणी थोडं थोडं करूनच आत जातं.

म्हणून ब्रशची फक्त टोकं, तीन-चार मिलिमीटर, पाण्यात टेकवायची. झटकायची नाहीत. दहा-पंधरा वेळा गोल फिरवायचं, फेसाने पाणी पोटात घेतलं की पुन्हा टेकवायचं. असं मी पाच-सहा वेळा करतो, एकूण दीड ते दोन मिनिटं. चक्क्याचं हळूहळू फेटलेलं घट्ट दही होतं, वर तकाकी येते, बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात. तिथे थांबायचं. पुढे गेलात तर ताक होतं: मोठे बुडबुडे, खालची कातडी दिसते, फेस गळ्यावरून ओघळतो. ताक झाल्यावर नुसतं घोटून काही होत नाही. ब्रशवर हरभऱ्याएवढं क्रीम घ्या आणि पुन्हा फिरवा. अंदाज येईपर्यंत एका वाटीत चहाचे दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा मिली पाणी मोजून ठेवा आणि टोकं त्यातच टेकवा. फेस झाला असं वाटतंय आणि वाटीत निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक आहे, तर तो अजून कोरडा आहे असं समजा. खात्री करायची तर थोडा फेस अंगठा आणि बोटात चोळा. बोटं बुळबुळीत सरकली पाहिजेत. चिकटली तर आणखी पाणी.

एवढं सगळं बिनचूक करूनही फेस बसत असेल, तर पाणी किती यापेक्षा पाणी कोणतं हे बघायला हवं. याबद्दल तर कोणी बोलतच नाही. नळाच्या तोटीवर पांढरे थर, गिझरच्या कॉइलवर पापुद्रा, डाळ शिजायला उशीर, ही सगळी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेल्या कठीण पाण्याची लक्षणं. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं आणि त्यावर भरलेल्या टँकरचं पाणी अनेक ठिकाणी असंच असतं. शेव्हिंग क्रीम हा मुख्यतः स्टिअरिक आम्लाचा पोटॅशियम साबण. पाण्यातलं कॅल्शियम त्यातल्या स्टिअरेटला धरतं आणि न विरघळणारा कॅल्शियम साबण तयार होतो. बेसिनला जी करडी चिकट कड धरते ती याचीच. वाया गेलेला साबण फार नसतो. त्याहून वाईट म्हणजे हा चिकटा फेसाचे बुडबुडे मोडतो. म्हणून अशा पाण्यात क्रीम दुप्पट घेतलं तरी फेस उभा राहतो आणि मिनिटभरात बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालेल असं आहे. म्हणजे पाणी पिण्याच्या मानकात बसलं तरी फेसाचा सत्यानाश करू शकतं. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो सगळेच क्षार एकत्र मोजतो. त्यातलं सोडियम साबणाला असं धरत नाही.

तपासणी एका दाढीत होते. घरात आरओ असेल तर त्याचं एक कप पाणी कोमट करा. ब्रश त्यातच भिजवा, टोकं त्यातच टेकवा, आणि क्रीम लावण्याआधी त्यातलंच ओंजळभर पाणी चेहऱ्यावर मारा. हे शेवटचं विसरू नका, चेहऱ्यावरचं नळाचं पाणीही फेसात मिसळतं. फेस टिकला तर दोष पाण्याचा होता, ब्रशचे पैसे वाचले. तरीही कोरडाच राहिला तर तुम्ही पाणी कमी घालताय. वरचा वाटीचा प्रयोग करा. आरओ नसेल तर पाणी खळखळून उकळा, निवू द्या, वरचं नितळ घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा याने तळाशी बसतो, सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो. पावसाळ्यात पागोळ्यांचं स्वच्छ पाणी मिळत असेल तर त्यासारखं दुसरं नाही. लिंबू पिळून पाणी मऊ करायच्या नादी लागू नका, आंबट पाणी साबणच फोडतं.

तुरटीचंही तेच. तुरटी चोळलेली बोटं ब्रशच्या कपात बुडाली की फेस मेला. तुरटी सगळं धुऊन झाल्यावर, शेवटी.

वरचा पंखा बंद करा. अनेक घरांत बेसिन हॉलमध्ये असतं, आणि चांगला झालेला फेसही पंख्याखाली दोन मिनिटांत सुकतो. पाणी फार गरम असलं तरी तेच.

ब्रशबद्दल थोडंसं. चेहऱ्यावर फेस करायला केसांची उंची 50 मिलिमीटरच्या आसपास बरी. 55 च्या पुढचे बरेच ब्रश लुळे पडतात. सिंथेटिक ब्रश बुडवला की तयार. डुकराच्या केसांचा तीन-चार मिनिटं भिजवावा लागतो, नाहीतर तो घातलेलं पाणी स्वतःच पितो आणि फेस पुन्हा चक्क्यावर येतो. नवा असेल तर पहिले काही आठवडे फेस कमीच देणार. टोकं दुभंगली की मऊ होतो. दाबून गोल घासू नका, मधले केस मुळाशी तुटतात आणि गालाची आग होते. केस अर्ध्यापर्यंत वाकले की पुरे. शेवटचे आठ-दहा हात रंगाच्या ब्रशसारखे सरळ मारा, थर सारखा होतो.

दुसऱ्या हाताला, म्हणजे उलट्या दिशेने रेझर फिरवण्याआधी, नवं क्रीम लागत नाही. चेहरा ओला करा, ब्रशच्या पोटात राहिलेला फेस पिळून टोकाशी आणा, टोकं एकदाच पाण्यात टेकवा. ब्रश मुळाशी राठ झाला असेल तर तिथे तोच कॅल्शियमचा चिकटा साचलेला असतो: पेलाभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर, पाच मिनिटं, मग साध्या पाण्याने वास जाईपर्यंत धुवा.