दोन बोटं माया

रविवारी दुपारी बायको माझी पँट कमरेत सैल करायला बसली. उसवून बघते तर आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेलीच नाही. रेडिमेडवाल्यांच्या नावानं तिचा उद्धार चालू होता, आणि समोर लॅपटॉपवर 1932 सालचा ‘लव्ह मी टुनाइट’ हा सिनेमा. तिथंही कपड्यांचीच भानगड.

पॅरिसचा एक शिंपी. एका उमरावानं सुटांवर सूट शिवून घेतलेत आणि पैशाचं नाव नाही. हा बिल वसूल करायला थेट गढीवर जातो. काकांना उधारी कळू नये म्हणून उमराव त्याला ‘बॅरन’ म्हणून पुढं करतो. काकांच्या भूमिकेत सी. ऑब्री स्मिथ, 1889 साली इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा कर्णधार होता हा माणूस! कसोटी एकच खेळला, पण मिशी कर्णधाराचीच राहिली. आणि दिग्दर्शक रूबेन मामूलियनचं ते गाणं! शिंप्याच्या दुकानात सुरू होतं, टॅक्सीत बसतं, आगगाडीतल्या शिपायांच्या तोंडी जातं, जिप्सींच्या तळावरून पार राजकन्येच्या सज्जापर्यंत पोचतं. बोलपट येऊन तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती.

तर बॅरनचं सोंग छान वठतं. पण राजकन्येचा घोडेस्वारीचा पोशाख बघून याला राहवत नाही. स्वतःच शिवायला घेतो. तो इतका चोख बसतो की बिंग फुटतं. बिघडवला असता तर बॅरन म्हणून खपून गेला असता बिचारा.

आमच्या गल्लीतले टेलरकाका असेच. गळ्यात टेप, कानावर खडू. “वाढत्या अंगाचं शिवा हो,” असं आईनं सांगितलं की ते माझ्याकडं न बघता फक्त खांद्यांकडं बघायचे. पुढं नोकरी लागल्यावर एकदा एसटी स्टँडवर भेटले. जवळ आले, शर्टाची पट्टी चिमटीत धरून उलटी केली, काजावरून अंगठा फिरवला.

“माझ्या हातचं आहे. पाटलांचा धाकटा ना तू?”

मी पाटलांचा नव्हे. पण काज ओळखलंय म्हटल्यावर नाही म्हणवेना.

“हो.”

“वडलांचा गुडघा कसाय?”

“बराय आता,” म्हणालो.

“जिना चढू नका म्हणावं.”

“सांगतो.”

गाडी लागली, मी चढलो. पँट अजून तशीच आहे. बेल्ट न लावता घालतो.